चार वर्षांची मुदत : विद्यार्थी बाबासाहेब आणि सार्वजनिक विद्यापीठ

१४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी मोबाईलवर फिरू लागते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. जयंतीच्या फलकांवर ही अक्षरे त्यांच्या नावापुढे ओळीने लागतात आणि ती वाचताना आपली मान ताठ होते. हा अभिमान असायलाच हवा. पण त्या यादीत एक गोष्ट दिसत नाही. पदव्यांच्या मधोमध तीन वर्षांचा खंड आहे. १९१७ मध्ये लंडन विद्यापीठातले शिक्षण अर्ध्यावर सोडून बाबासाहेबांना मुंबईला परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. ते पुन्हा लंडनला पोचले १९२० मध्ये.

आज विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी पदव्यांच्या यादीपेक्षा हा खंड अधिक बोलका आहे. शिष्यवृत्ती थांबली म्हणून घरी बसलेला विद्यार्थी आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतो. बाबासाहेब त्याच जागी उभे होते. ते तिथे कसे पोचले, तिथून परत कसे उठले आणि पुढे आयुष्यभर त्या अनुभवाचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासाठी हा लेख.

एका खोलीतून एल्फिन्स्टनपर्यंत

सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईत आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या एकाच खोलीत स्वयंपाक, सामान, झोपणे आणि अभ्यास. गिरणी कामगारांची वस्ती, सतत गजबज. रात्री लवकर निजायचे आणि पहाटे दोनच्या सुमारास वडिलांनी उठवले की सारे सामसूम असताना वाचत बसायचे, असा भिवाचा क्रम होता. पुस्तक हवे असेल आणि पैसे नसतील तर रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन आले की दागिना सोडवायचा. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या प्रेमाच्या मुळाशी या बहिणींचे दागिने आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. तिथे संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही महाराच्या मुलाला ती मिळाली नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. एकूण ७५० पैकी गुण मिळाले २८२. आजच्या टक्केवारीच्या शर्यतीत या गुणांकडे कोणी पाहणारही नाही. पण अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा इतकी मोठी घटना होती की सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरला होता. बुद्ध बाबासाहेबांच्या आयुष्यात आले ते असे, शिक्षणाच्या पहिल्या पायरीवर, एका शिक्षकाच्या हातून.

मॅट्रिकनंतर कॉलेजचा खर्च रामजींच्या आवाक्याबाहेरचा होता. पुन्हा केळुसकरच पुढे झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची भेट घडली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या पैशांवर १९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

एल्फिन्स्टन कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. या विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि त्याचा नमुना होता लंडन विद्यापीठाचा. लंडनचे विद्यापीठ १८३६ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून. तोच साचा मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे आणला गेला. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. विद्यार्थी वर्षानुवर्षे विद्यापीठाचा म्हणवला जाई, पण त्याचा विद्यापीठाशी संबंध येई तो परीक्षेचा अर्ज, निकाल आणि पदवीदान एवढ्यापुरताच. राजाबाई टॉवर दुरून दिसे. त्याच्या खालच्या ग्रंथालयाशी चाळीतल्या मुलाचे नाते जुळेलच, याची काळजी वाहणारे कोणी नव्हते.

कॉलेजातले दिवस सोपे नव्हते. कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक ब्राह्मण होता आणि तो त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. वर्गात बसण्याचा हक्क मिळाला होता, पण वर्गाबाहेरचे कॉलेज अजून बंद होते. दुसरीकडे प्राध्यापक म्युलर यांच्यासारखे शिक्षक भेटले. त्यांनी आपली पुस्तके वाचायला दिली, कपडेही दिले. एकाच आवारात तहानलेल्याला पाणी नाकारणारा माणूस आणि अंगावर कपडा घालणारा माणूस, दोघेही होते. सार्वजनिक संस्था अशीच असते. तिचा दरवाजा कायद्याने उघडा असतो, पण आत काय वाट्याला येईल हे आतल्या माणसांवर ठरते.

१९१२-१३ मध्ये भीमराव बी.ए. झाले. बडोद्याच्या नोकरीत रुजू होऊन काही दिवस लोटतात तोच वडील अत्यवस्थ असल्याचे कळले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. ज्या माणसाने पहाटे उठवून वाचायला बसवले, त्याला मुलाची पुढची झेप पाहता आली नाही.

करारावरची सही

त्याच वर्षी सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणार होते. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले.

कोलंबिया हे खासगी विद्यापीठ. पण तिथे त्यांना जे मिळाले त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. आयुष्यात प्रथमच ते इतरांच्या पंगतीला बसून जेवले, इतरांच्या बरोबरीने वसतिगृहात राहिले, आणि कोणी जात विचारली नाही. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र त्यांच्यासोबत राहत होता. ही मैत्री पुढे फार कामी आली. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असे मिळेल त्या विषयाचे वर्ग त्यांनी केले. सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे शिक्षक लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने लिहिलेला तो निबंध आजही जगभर वाचला जातो.

शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, तरी त्यांना लंडन गाठायचे होते. बडोद्याकडून मोठ्या प्रयासाने आणखी एका वर्षाची परवानगी मिळाली.

लंडन, आणि अर्ध्यावरचा परतीचा प्रवास

ऑक्टोबर १९१६ मध्ये बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. लंडन विद्यापीठ आता केवळ परीक्षा घेणारे राहिले नव्हते. १९०० मध्ये त्याची फेररचना झाली आणि शहरातल्या नामांकित शिक्षणसंस्था त्याची अंगे बनल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही त्यांपैकी एक. शिकवणे, संशोधन आणि परीक्षा यांची तिथे सांगड घातली गेली होती. मुंबई विद्यापीठ ज्या मुशीतून निघाले ती मूळ मूसच बदलली होती. मुंबईच्या या पदवीधराला तो फरक आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळाला.

पहिले महायुद्ध चालू होते. अभ्यासाला जेमतेम सुरुवात झाली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून परत बोलावणे आले. मुदत संपली होती आणि करार पाळणे भाग होते. निघण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाचे काम केले. अभ्यास सोडून देत नसून तो तात्पुरता थांबवत आहोत, अशी नोंद विद्यापीठाकडे केली आणि परत येण्याची परवानगी मागून घेतली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने ती मिळाली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येणार होता.

हा कागद महत्त्वाचा आहे. हाती पैसा नाही, पुढे काय होईल ठाऊक नाही, समुद्रात पाणबुड्या जहाजे बुडवत आहेत, आणि अशा वेळी हा विद्यार्थी कार्यालयात जाऊन आपली जागा राखून ठेवतो. आपली कितीतरी मुले अडचण आली की कोणालाही न सांगता कॉलेज सोडतात. ना अर्ज, ना नोंद. मग दोन वर्षांनी पैसे जमले तरी परतीची वाट उरलेली नसते.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. पुस्तकांचे आणि सामानाचे पेटारे दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणतीराने बुडवली. न्यूयॉर्कमध्ये एकेक डॉलर वाचवून, जुन्या बाजारात हिंडून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यांतून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

बडोदा ते सिडनहॅम

पुढचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या या तरुणाला बडोदा शहरात राहायला खोली मिळाली नाही. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. प्यायला पाणी मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि त्याच दिवशी जागा सोडण्याचा हुकूम झाला. बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले आणि मुंबई गाठली.

इथे एक गोष्ट तरुणांनी समजून घ्यावी. अनेकांना वाटते की उत्तम शिकलो, परदेशाची पदवी आणली, की जात मागे पडते. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. शिक्षणाने त्यांना अन्याय नेमका ओळखण्याची आणि त्याला कायद्याच्या, अर्थशास्त्राच्या भाषेत उत्तर देण्याची ताकद दिली. पण राहायला खोली दिली नाही. त्यासाठी संघटना आणि संघर्ष लागणार, हे त्यांना बडोद्यात कळून चुकले.

मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत संसार होता. रमाईंनी ओढाताण करून घर चालवले होते. मिळकतीसाठी बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली, शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम या सरकारी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. विद्यार्थी सुरुवातीला साशंक होते. थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांतले विद्यार्थीसुद्धा त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसू लागले. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. विद्यार्थी असताना चहाचा पेला नाकारला गेला, प्राध्यापक झाल्यावर पाण्याचे भांडे.

साडेचारशे रुपये ही तेव्हा मोठी रक्कम होती. चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करता आले असते. बाबासाहेब चाळीतच राहिले. रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम देत आणि उरलेली बाजूला टाकत. ती चार वर्षांची मुदत त्यांच्या डोक्यात होती. या बचतीत अर्धा वाटा रमाईंचा आहे. लंडनच्या पदव्यांवर त्यांचे नाव नाही, पण त्यांची किंमत त्यांनी मोजली. त्या काळात आणि पुढेही या दांपत्याने आपली चार मुले गमावली. पदव्यांची यादी वाचताना याचेही स्मरण असू द्यावे.

याच काळात सार्वजनिक कार्यालाही सुरुवात झाली होती. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने मूकनायक निघाले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. समाजात नाव होऊ लागले होते, पुढारी म्हणून लोक पाहू लागले होते. कोणाला वाटले असते, आता अभ्यास पुरे. पण मार्चमध्येच त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा बोट पकडली. गाठीशी स्वतःची बचत, नवल भथेनाकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये आणि शाहू महाराजांचे साहाय्य. मुदत संपायला सव्वा वर्ष उरले असताना ते लंडनला पोचले.

वाचनालयातला विद्यार्थी

या वेळचा विद्यार्थी एकोणतीस वर्षांचा होता. बायको, मुलगा, डोक्यावर कर्ज आणि मागे ताटकळणारी चळवळ. वाया घालवायला एकही दिवस नव्हता. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा आणि चहा घेऊन ते बाहेर पडत. गाडीचे भाडे वाचवण्यासाठी पुष्कळदा पायी चालत. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडले की आत जाणाऱ्यांत ते असत आणि बंद होईपर्यंत जागचे हलत नसत. त्याशिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय. रात्री एखादा पेला गरम पेय आणि भाजलेले पापड यांवर भागवून ते पुन्हा वाचत बसत. ज्या घरात त्यांचा काही काळ मुक्काम होता ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे.

त्यांच्या उपाशीपोटी अभ्यासाची गोष्ट आपण मुलांना प्रेरणेसाठी सांगतो. सांगावीच. मात्र ती सांगताना उपाशी राहणे हा विद्यार्थ्याचा गुण आहे असा अर्थ निघू नये. बाबासाहेब उपाशी राहिले कारण पैसे नव्हते. आपल्यामागून येणाऱ्या मुलांनीही तसेच राहावे, असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांनी पुढे वसतिगृहे काढली, त्यामागे हीच जाणीव होती.

त्या शहरात गरीब विद्यार्थ्याच्या हाताशी एक मोठी संपत्ती होती, ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालये. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे भारताचे जमाखर्च, अहवाल, चलनविषयक कागदपत्रे तिथे वाचायला मिळत. भारताची लूट कशी झाली याचा पुरावा लुटणाऱ्यांच्याच कपाटात होता आणि तो वाचण्याचा अधिकार विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरच्या प्रबंधासाठी जून १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. ही पदवी दिली. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिलेली माहिती त्या विद्यापीठाच्या दफ्तरात जपून ठेवली आहे.

परत आलेला प्रबंध

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्यावरचा उपाय. भारताच्या चलनव्यवस्थेत ब्रिटिश सरकारने केलेल्या फेरफारांची त्यात कठोर चिकित्सा होती. केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीला त्यांनी विरोध केला. रुपयाचे मोल घसरले की वस्तूंचे भाव चढतात आणि त्याचा पहिला फटका मजुरीवर जगणाऱ्याला बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. परळच्या कामगार चाळीत वाढलेल्या मुलाने चलनासारख्या रुक्ष विषयात कष्टकऱ्याचे पोट पाहिले.

परीक्षकांना प्रबंधाचा सूर रुचला नाही. मार्च १९२३ मध्ये तो सुधारून पुन्हा सादर करण्यास सांगण्यात आले. हातातले पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. दुसरा कोणी असता तर बॅरिस्टरी मिळाली एवढ्यावर समाधान मानून त्याने प्रबंध बासनात गुंडाळला असता. बाबासाहेबांनी वकिलीची जुळवाजुळव करता करता प्रबंधावर पुन्हा काम केले. भाषा सौम्य केली, निष्कर्ष मात्र तेच ठेवले, आणि ऑगस्टमध्ये प्रबंध लंडनला धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला आणि डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी लंडनमधून तो ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना प्राध्यापक कॅनन यांची होती. मतभेद असूनही त्यांनी ती लिहिली. हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

संशोधन करणाऱ्या आपल्या तरुणांना प्रबंध परत येण्याचा अनुभव नवा नाही. कोठे नमते घ्यायचे आणि कोठे ठाम राहायचे याचे हे उदाहरण त्यांनी जवळ ठेवावे. शब्द बदलता येतात. पुराव्यातून निघालेला निष्कर्ष बदलायचा नसतो.

मदतीचे हक्कात रूपांतर

आता मागे वळून पाहू. केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत नेमके त्याच वेळी गेले नसते तर? सयाजीरावांच्या जागी दुसरा राजा असता तर? नवल भथेनाकडे पाच हजार रुपये नसते तर? शाहू महाराज नसते तर? बाबासाहेबांची बुद्धी आणि चिकाटी तीच असती, पण वाट कुठेतरी अडली असती. या माणसांचे उपकार ते कधी विसरले नाहीत. पण लाखो मुलांचे शिक्षण अशा भल्या माणसांच्या भेटीवर सोडता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांतले त्यांचे शैक्षणिक कार्य या दृष्टीने पाहिले की एका सूत्रात बसते.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. सभेच्या अगदी आरंभीच्या कामांत वसतिगृह असावे, हा योगायोग नव्हता. राहायला जागा नसेल तर प्रवेशाचा कागद काय कामाचा, हे बडोद्यात हाकलला गेलेला माणूस जाणत होता.

१९२४ मध्येच मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीला त्यांनी लेखी निवेदन दिले. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारे कार्यालय म्हणून राहू नये, शिकवणे आणि संशोधन ही त्याची मुख्य कामे असावीत, कॉलेज आणि विद्यापीठ यांची फारकत दोघांनाही मारक आहे, असा त्यांचा रोख होता. दोन्ही साच्यांची विद्यापीठे त्यांनी विद्यार्थी म्हणून अनुभवली होती. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली तेव्हा मागासलेल्या वर्गांना विद्यापीठाच्या सिनेटमध्ये स्थान मिळावे, यासाठी ते भांडले. विद्यापीठ जर सर्वांच्या पैशावर चालते तर ते चालवणाऱ्यांत सर्व असले पाहिजेत.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. परदेशी शिक्षणाचाही त्यात विचार होता. आज आपण ज्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो तिची सुरुवात इथली. एका राजाच्या उदारपणातून मिळालेली शिष्यवृत्ती आता सरकारी तिजोरीतून, नियमाने, अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळू लागली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. १९५० मध्ये मराठवाड्यासारख्या मागे राहिलेल्या प्रदेशात, औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे पाहा. एक सारे सोडून सत्याच्या शोधात निघालेला, दुसरा भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. विद्यार्थ्याकडून बाबासाहेबांची अपेक्षा काय होती ते या दोन नावांत आले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची तयारी त्यांच्या मनात फार आधीपासून चालू होती, आणि तिची एक खूण या कॉलेजांच्या दारावर कोरलेली होती.

आजचा १९१७

आज राज्यातल्या कोणत्याही मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या आवारात जा. गावाकडून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुले-मुली भेटतील. वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंत मित्राच्या खोलीत अंथरूण टाकणारा भेटेल. महाडीबीटीवरच्या अर्जाची स्थिती रोज तपासणारी भेटेल. मेसचे दोन महिने थकले म्हणून परीक्षेच्या तोंडावर गावी निघालेला भेटेल. यांच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या १९१७ मध्ये उभा आहे. फरक एवढाच की बाबासाहेबांना मिळाली ती मदत होती, आणि या मुलांचा तो हक्क आहे. हक्काचे पैसे वेळेवर न येणे म्हणजे तो हक्क पुन्हा मदतीच्या पातळीवर ढकलणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग प्रवेशाच्या महिन्यासाठी राखून ठेवता येतो. विहारात जून-जुलैमध्ये शिष्यवृत्ती, स्वाधार योजना आणि वसतिगृहाचे अर्ज भरून देणारे टेबल लावता येते. मंजूर होऊनही न आलेल्या रकमेसाठी समाजकल्याण कार्यालयात विद्यार्थ्यासोबत जाता येते. कॉलेजात भेदभाव झाला तर तक्रार कोणाकडे करायची, समान संधी केंद्र चालू आहे की कागदावर आहे, हे विचारता येते. सिनेट आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीत आपली नोंदणी वेळेत होते का, हे पाहता येते. यांतले एकही काम मोठ्या सभेचे नाही. पण केळुसकर गुरुजींनीही सभा घेण्याआधी बागेतल्या एका मुलाची चौकशी केली होती.

आणि सर्वांत आधी करण्याजोगे काम म्हणजे शिक्षण सुटलेल्यांची यादी. आपल्या वस्तीत, आपल्या गावात, गेल्या तीन-चार वर्षांत कोणी कॉलेज सोडले? कशामुळे सोडले? परत जायचे असेल तर कोणता अर्ज लागतो, शेवटची तारीख कोणती, किती रुपये कमी पडतात? घरोघर जाऊन हे विचारायला एक रविवार पुरतो. बाबासाहेबांना परत जायला चार वर्षांची मुदत होती, आणि तिचा कागद त्यांनी सांभाळून ठेवला होता. आपल्या मुलांच्या मुदतीचा हिशेब आपण ठेवायला हवा.

जय भीम!